जुन्या डिझेल ट्रकला इंटरकूलर बसवताना

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असलेला पण इंटरकूलर (ती दाबलेली, तापलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करणारा रेडिएटरसारखा भाग) नसलेला जुना डिझेल ट्रक भर लोडवर लांब चढ चढवून आणावा, बाजूला थांबवून बोनेट उघडावे आणि टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पाइपाजवळ हात न्यावा. पाइपाला हात लावण्याची हिंमत होत नाही, कारण त्यातून नुकतीच गेलेली हवा उकळत्या पाण्यापेक्षा गरम होती. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड तापते, तोच हा प्रकार आहे. हवा दाबली की तापते, आणि टर्बो पूर्ण कार्यक्षम नसल्यामुळे ती हिशेबापेक्षा थोडी अधिकच तापते. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल, टर्बो १ बार बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून तेवढा जास्त दाब, देत असेल आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर इंजिनात शिरणारी हवा सुमारे १२५ अंशांवर पोहोचते. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे इंधनाच्या पंपाने दिलेले डिझेल पुरते जळत नाही, मागून काळा धूर निघतो आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचे तापमान चढत जाते. ही उष्णता पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड आणि टर्बो यांना सोसावी लागते.

मध्ये ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर बसवला तर हीच हवा ६० अंशांच्या आसपास येते. तिची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते, आणि इंटरकूलरमध्ये ०.१ बार दाब खर्ची पडला असे धरले तरी निव्वळ लाभ १४ टक्क्यांच्या आसपास उरतो. हा लाभ कशासाठी वापरायचा, या एका प्रश्नावर पुढचे सर्व काम अवलंबून असते. माझे मत स्पष्ट आहे: लाखो किलोमीटर धावलेल्या इंजिनात तो उष्णता कमी करण्यासाठीच वापरावा, ताकद वाढवण्यासाठी नव्हे. डॉज ट्रकमधील ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन १९८९ मध्ये इंटरकूलरशिवाय आले आणि १९९१ च्या मध्यापासून त्याला इंटरकूलर मिळाला, तरीही त्याची जाहीर ताकद आधीइतकीच, म्हणजे १६० अश्वशक्ती राहिली. नवेकोरे इंजिन देणाऱ्या कारखान्यानेही इंटरकूलर लावताना ताकदीचा आकडा वाढवला नव्हता, ही गोष्ट जुने इंजिन हाताळणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

काम सुरू करण्याआधी

इंटरकूलर हा आजारी इंजिनावरचा उपाय नाही. ज्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत, ज्याचे इंजेक्टर थेंब गाळतात किंवा ज्याचा टर्बो ऑइल फेकतो, त्याला इंटरकूलर लावल्याने दोष झाकला जातो आणि पुढे मोठा होऊन समोर येतो. म्हणून पहिला दिवस पाने आणि पाइप यांचा नसून तपासणीचा असावा.

इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवावे, ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि ते त्याच तोंडावर उलटे, सैल ठेवावे. झाकण किंचित थरथरले तर ते जुन्या इंजिनात स्वाभाविक आहे. पण ते उडून पडत असेल आणि तोंडातून धुराचे लोट येत असतील, तर जळलेला वायू रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, उतरत आहे असे समजावे. अशा वेळी कॉम्प्रेशन तपासणे आवश्यक आहे. त्या इंजिनाच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेली किमान मर्यादा तर पाळली गेलीच पाहिजे, पण त्याहून महत्त्वाचा असतो तो सिलिंडरांमधला आपसातला फरक. एक सिलिंडर इतरांपेक्षा ३ ते ४ बार मागे असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे आणि इंटरकूलरचे पैसे तिकडे वळवावेत.

टर्बोची तपासणी इनटेकचा होज काढून हाताने करावी, अर्थात इंजिन बंद आणि थंड असताना. शाफ्ट पुढे-मागे ओढून पाहिला असता हाताला प्ले लागता कामा नये. आडव्या दिशेने थोडासा प्ले असणे साधे आहे, कारण शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. पण शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवताना पाती घराला घासत असतील, तर तो टर्बो उतरवलाच पाहिजे. टर्बोच्या बाहेर पडणाऱ्या तोंडात बोट फिरवून पाहावे. बोटाला ऑइलची पातळ झिलई लागणे चालते. थारोळे साचलेले असणे चालत नाही.

या ऑइलबद्दल मी आग्रहाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. इंटरकूलर बहुधा सगळ्या वाटेतला सर्वांत खालचा भाग असतो, त्यामुळे टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेले सगळे ऑइल तेथे जाऊन साचते. महिनोन्‌महिने साचलेले ऑइल एखाद्या दिवशी पूर्ण बूस्टच्या झोतात एकदम उचलले गेले, तर इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून जाळू लागते आणि आपोआप रेस घेत सुटते. चावी फिरवून ते थांबत नाही, कारण त्याचे इंधन पंपातून येतच नसते. अशा वेळी हवेची वाट जाड फळीने किंवा पत्र्याने बंद करणे, अथवा वरचा गिअर टाकून ब्रेक दाबून धरत क्लच सोडून इंजिन बंद पाडणे, एवढेच दोन उपाय हाती असतात; हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नये. हा प्रसंग येऊ नये म्हणून ब्रीदरच्या नळीत ऑइल वेगळे करणारे भांडे, म्हणजे कॅच कॅन, बसवावे. जास्त धावलेल्या इंजिनात मी ते इंटरकूलरइतकेच आवश्यक मानतो.

रेडिएटरकडेही याच टप्प्यावर लक्ष द्यावे. समोर इंटरकूलर आला की रेडिएटरला मिळणारी हवा आधीच थोडी तापलेली असते. आजवर कसाबसा काम भागवणारा, निम्म्या नळ्या गाळाने भरलेला रेडिएटर त्यानंतर पुरा पडत नाही. तो आतून धुऊन, बाहेरच्या पात्यांमधील माती उलट्या बाजूने पाणी मारून काढावी; थर्मोस्टॅट, रेडिएटरचे झाकण आणि फॅनचा क्लच यांची खात्री करून घ्यावी.

कोअर आणि त्याची जागा

बोनेटवर झडप कापून इंजिनाच्या डोक्यावर इंटरकूलर बसवण्याची पद्धत आहे, आणि तिच्यात पाइप आखूड राहतात हे खरे. पण मालवाहू ट्रकला इंटरकूलरची सर्वाधिक गरज असते ती दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या धावण्याच्या वेगाने चढ चढताना. त्या वेगाला बोनेटवरच्या झडपेतून हवा जवळजवळ शिरत नाही आणि खालून इंजिनाची धग मात्र लागत राहते. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कोअरमधून, म्हणजे इंटरकूलरच्या हवा थंड करणाऱ्या गाभ्यातून, इंजिनाचा फॅन स्वतः हवा ओढतो, म्हणून ट्रकसाठी पुढची जागाच योग्य आहे. पाण्याने थंड होणारे इंटरकूलरही मिळतात. त्यांना वेगळा पंप, वेगळा छोटा रेडिएटर आणि वेगळे पाणी लागते, आणि जुन्या गाडीत बिघडू शकणाऱ्या वस्तूंची संख्या वाढवणे मला पटत नाही.

कोअर निवडताना जाडीपेक्षा समोरच्या क्षेत्रफळाला महत्त्व द्यावे. फार जाड कोअरच्या मागच्या अर्ध्या भागापर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते, आणि तोच जाडपणा रेडिएटरची हवा अडवतो. रेडिएटर जितका रुंद-उंच आहे तितक्या रुंदी-उंचीचा, पण ६० ते ७० मिलिमीटरच्या आसपास जाडीचा कोअर बहुतेक ठिकाणी उत्तम ठरतो. पट्ट्या आणि पात्यांचा जड कोअर खडे व धक्के चांगले सोसतो, तर नळ्यांचा कोअर हलका असतो आणि त्यातून रेडिएटरला हवा मोकळी मिळते. ज्याच्या ट्रकचा रेडिएटर आधीच काठावर आहे, त्याने नळ्यांचा घ्यावा.

भंगारातील इंटरकूलर घेण्यात गैर काही नाही, मात्र तो कोणत्या गाडीतून निघाला हे विचारल्याशिवाय घेऊ नये. टर्बो फुटलेल्या गाडीच्या इंटरकूलरमध्ये धातूचे कण आतल्या पात्यांत अडकून बसलेले असतात, आणि कितीही धुतला तरी ते सगळे निघाल्याची खात्री देता येत नाही. तसा कोअर फुकट मिळाला तरी नाकारावा. चांगल्या गाडीचा असेल तर रॉकेल ओतून, हलवून उपडा करावा, आणि रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा. आत राहिलेले रॉकेल हेसुद्धा इंधनच आहे, हे विसरू नये.

बसवताना कोअर आणि रेडिएटर यांच्यात १० ते २० मिलिमीटरचे अंतर ठेवावे आणि त्या फटीच्या चारही कडा फोमच्या पट्टीने बंद कराव्यात. हवा नेहमी सोपी वाट धरते. कडा उघड्या राहिल्या तर ती कोअरला वळसा घालून निघून जाते. ब्रॅकेट चॅसिसच्या आडव्या पट्टीला धरावेत, रेडिएटरला कधीही नाही, आणि प्रत्येक बोल्टखाली रबरी बुश घालावा.

पाइप आणि होज

येथे बहुतेक जण गरजेपेक्षा मोठा पाइप घेतात. ४ लिटरचे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर चालत असेल आणि सिलिंडर ८५ टक्के भरत असतील, तर ते सेकंदाला सुमारे ७० लिटर हवा ओढते. बाहेरून ६३ मिलिमीटर म्हणजे अडीच इंच व्यासाच्या पाइपातून ही हवा सेकंदाला साधारण २५ मीटर वेगाने जाते. हा वेग अगदी आरामाचा आहे, तेव्हा एवढ्या इंजिनाला तीन इंची पाइप लावून काहीच साधत नाही; उलट तो बसवायला जागा सापडत नाही आणि भरायची हवा वाढल्याने बूस्ट उशिरा मिळतो. सहा लिटरच्या आसपासच्या इंजिनाला तीन इंची पाइप शोभतो. व्यासापेक्षा वळणांची काळजी अधिक घ्यावी: वळणे कमी असावीत, त्यांची त्रिज्या व्यासाच्या दीडपट तरी असावी आणि वळताना पाइप चपटा झालेला नसावा.

पाइपाची वाट आखताना आधी पुठ्ठ्याच्या नळ्या आणि चिकटपट्टी वापरून पूर्ण नमुना गाडीवरच तयार करावा. पाइप एक्झॉस्टपासून, इंजिनाच्या फिरत्या बेल्टपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यांपासून दूर राहावा. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि कॅब उलटणारी असेल तर ती उलटून पाहावी. डिझेल इंजिन आपल्या माउंटिंगवर डोलते; सुरू आणि बंद होताना तर ते चांगलाच हिसका देते. म्हणून इंजिनाकडील पाइप इंजिनालाच बांधावा, चॅसिसकडील पाइप चॅसिसलाच बांधावा आणि दोघांच्या मध्ये फुगीर मधल्या भागाचा लवचीक होज ठेवावा. हा नियम मोडला की काही आठवड्यांत वेल्डिंगला तडा जातो.

होज सिलिकॉनचा, किमान चार थरांचा असावा. टर्बोकडच्या गरम बाजूला आतून फ्लुरोसिलिकॉनचे अस्तर असलेलाच घ्यावा, कारण साधे सिलिकॉन ऑइलच्या वाफेने हळूहळू फुगते आणि मऊ पडते. रेडिएटरचा रबरी होज या कामी वापरू नये.

माझ्या पहिल्या कामात मी पाइपाचे टोक गुळगुळीत ठेवले होते आणि क्लॅम्प पुरेसा घट्ट आवळला आहे यावर विसंबून राहिलो होतो. चढाच्या मध्यावर बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, मागे काळ्या धुराचा पडदा उभा राहिला आणि ट्रकचा जीवच गेला. होज निसटून लोंबत होता. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर ऑइलची चकचकीत झिलई होती आणि क्लॅम्पचा वळ अर्धा इंच सरकलेला स्पष्ट दिसत होता. नंतर हिशेब मांडला तेव्हा चूक कळली. ६३ मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर १ बार दाब म्हणजे दोन्ही टोकांना एकमेकांपासून ढकलणारा सुमारे ३१ किलोचा जोर होतो, आणि ऑइलने माखलेल्या गुळगुळीत धातूवर तो जोर नुसत्या घर्षणाने रोखला जात नाही. तेव्हापासून प्रत्येक टोकाभोवती उंचवट्याची कडा, जिला बीड म्हणतात, ती काढून घेतल्याशिवाय मी पाइप बसवत नाही. बीड काढण्याचे यंत्र नसेल तर टोकापासून १० मिलिमीटरवर गोलाकार बारीक वेल्डिंग करून ते कानशीने गोलसर करावे. क्लॅम्प टी-बोल्टचे घ्यावेत आणि ते बीडच्या मागच्या बाजूला बसवावेत. जोडण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडे करावेत.

वेल्डिंगचे सगळे काम पाइप गाडीवरून उतरवून करावे. त्यानंतर आतले थेंब, खपली आणि कानशीचा भुगा तारेच्या ब्रशने काढून, पाइप धुऊन, आतून पांढरे फडके ओढून पाहावे. फडके स्वच्छ निघेपर्यंत पाइप इंजिनाला जोडू नये, कारण तेथून पुढे सिलिंडरपर्यंत कोणतीही चाळण नाही.

दाबाच्या बारीक नळ्या

जुन्या पंपांवर बूस्टप्रमाणे डिझेल वाढवणारा पडदा असतो आणि त्याची नळी इनटेकमधून येते. ही नळी इंटरकूलरच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डवरच असली पाहिजे, म्हणजे इंजिनाला जेवढी हवा खरोखर मिळते तेवढेच डिझेल पंप देतो. वेस्टगेटची (बूस्ट ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळी मात्र टर्बोच्या तोंडावर होती तेथेच राहू द्यावी. ती मॅनिफोल्डवर हलवली तर इंटरकूलरमध्ये खर्ची पडलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बो जास्त फिरतो, आणि म्हाताऱ्या टर्बोवर तेवढा भार टाकण्याचे कारण नाही. नवीन बूस्ट गेज पूर्वीपेक्षा थोडा कमी आकडा दाखवू लागला तर घाबरू नये. हवा थंड आणि दाट झाल्यावर असे होते. इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाडीत हवेच्या दाबाचे व तापमानाचे सेन्सर इंटरकूलरनंतरच असावेत.

गळती आणि तापमान

सगळे जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी गळती तपासावी. टर्बोकडचे आणि मॅनिफोल्डकडचे अशी दोन्ही टोके बंद करून, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने आधी ०.३ बार आणि मग हळूहळू गाडीच्या नेहमीच्या कमाल बूस्टइतकाच दाब भरावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बंद केलेल्या टोकांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, कारण वर सांगितलेला ३१ किलोचा जोर त्या बुचांवरही असतो. टर्बोच्या इनटेकमधून दाब भरण्याचा सोपा मार्ग काही जण वापरतात, पण त्यात सीलमधून आणि उघड्या व्हॉल्व्हमधून हवा जाते आणि गळती नक्की कोठे आहे ते कळत नाही.

एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज नसेल तर याच वेळी बसवावा. के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवायचे असते. छिद्र पाडून आटे पाडताना ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लावले तरी थोडा भुगा आत पडतोच, म्हणून मॅनिफोल्ड उतरवून काम करणे हाच योग्य मार्ग आहे. शक्य असल्यास इंटरकूलर बसवण्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, त्याच चढावर, तेवढाच माल घेऊन, त्याच गिअरमध्ये आकडे लिहून घ्यावेत. दीर्घकाळ चढताना टर्बोआधीचे तापमान ६७५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले पाहिजे. ॲल्युमिनियमच्या पिस्टनसाठी त्यापुढचा प्रदेश धोक्याचा आहे.

धूर कमी झाला आणि तापमान उतरले की डिझेलचा स्क्रू थोडा फिरवून पाहण्याचा मोह होतो. निदान पहिले १,००० किलोमीटर त्याला हात लावू नये. त्यानंतरही वाढवायचेच असेल तर पाव फेऱ्याहून कमी वाढवावे आणि त्याच चढावर गेज पाहावा. पण वाढलेला दाब जुन्या हेड गॅस्केटवर आणि वाढलेला जोर जुन्या क्लचवर व गिअरबॉक्सवर पडणार आहे, आणि त्यांच्यासाठी कोणताही गेज नाही. मी स्वतः तो स्क्रू होता तेथेच ठेवतो. गाडीतील असा बदल नोंदणीच्या ठिकाणच्या नियमांत बसतो की नाही, याची चौकशी काम सुरू करण्याआधीच केलेली असावी.

पुढची देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना सर्व क्लॅम्प आवळावेत, कारण तापून-निवून सिलिकॉन बसते. रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्यामधली फट अधूनमधून बॅटरी लावून पाहावी. फोम असूनही तेथे भुसा, पाने आणि किडे जमतात आणि बाहेरून ते दिसत नाहीत. दर ऑइल बदलाच्या वेळी इंटरकूलरचा सर्वांत खालचा होज सोडून खाली भांडे धरावे. चमचाभर ऑइल निघाले तर पुसून होज परत बसवावा. कपभर निघाले तर टर्बोचे सील आणि ब्रीदर तपासल्याशिवाय तो ट्रक मालावर पाठवू नये.